अंड्यावाचून अळ्या

दुपारचे तीन वाजले होते आणि गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. एके काळी तिथे जुनं लाकडी सामान ठेवत. आता भिंतींना चुना लागला होता, दाराला पडदा लागला होता आणि गोदामाचं नाव 'निवाडागृह' झालं होतं. आत चारशेच्या वर माणसं, त्यांत बायका जास्त. पुढे पांढऱ्या कापडाचं टेबल, टेबलावर ताट, ताटात तळहाताएवढा मांसाचा तुकडा, आणि शेजारी काचेची दोन उंच झाकणं. झाकणांच्या डोक्यावर पेरूएवढी लाकडी मूठ. वर छतावरून खाली आणलेला मोठा दिवा. कर्ण्यातून संथ, झोप आणणारं संगीत चाललेलं.

टेबलामागे नितळबाबा उभे. काचेतून न्याय देतात म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं, आणि त्यांनी ते लगेच अंगाला लावून घेतलं होतं.

"मी काही करत नाही," ते दर पाच मिनिटांनी सांगत. "मी फक्त झाकतो. उघडं पडायचं ते आपोआप पडतं. बाईच्या तळहाताला तिच्या उदरातली बातमी ठाऊक असते. तळहात मांसाला सांगतो, मांस काचेला सांगतं, काच तुम्हाला सांगते." एवढ्या हातांतून गेलेली बातमी एरवी कुणी खरी मानली नसती. पण इथे माना डोलत होत्या.

पद्धत अशी होती. ज्या बाईला मूल होत नाही, तिनं पुढे यायचं. मांस सकाळी खाटकाकडून आणलेलं, सर्वांदेखत कढत पाण्यानं धुतलेलं. बाईनं त्यावर हात ठेवायचा. बाबा काच झाकणार. अर्धा तास थांबायचं. मांस जसंच्या तसं राहिलं तर कूस शुद्ध, धीर धरा. आणि मांसावर किडे दिसले, तर त्या कुशीत कीड आहे. अशा बाईला घरात ठेवली तर घराचा वंश खुंटतो, असा निवाडा.

माझ्यासमोर पहिल्या बाईचं मांस स्वच्छ राहिलं. ती रडली, तिची सासू रडली, टाळ्या पडल्या. बाबांनी ताट बदललं, काच बदलली, आणि दुसरं नाव पुकारलं. माझ्या भाचेसुनेचं.

ती माझ्या थोरल्या भावाची सून. लग्नाला सहा वर्षं झालेली. कापडाच्या कारखान्यात तपासनीस होती. ठाणभर कापड डोळ्यांखालून जाऊ द्यायचं आणि त्यातला एक सुटलेला धागा बोटानं दाखवायचा, हे तिचं काम. तिची नजर कधी चुकली नव्हती. तिनं हात ठेवला, उचलला, रुमालाला पुसला आणि काचेकडे बघत उभी राहिली. तिच्या मागे माझा भाचा, त्याच्यामागे वहिनी. दादा, म्हणजे माझा भाऊ, बाजूच्या दाराशी सेवेकऱ्यांत उभा होता. गेले चार महिने तो बाबांचा सेवेकरी झाला होता. त्याचं काचेचं दुकान होतं, काचा त्यानंच दिल्या होत्या, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. वहिनीनं आग्रह केला म्हणून मी आले होते. घरातलं कुणीतरी शिकलेलं बरोबर असलं म्हणजे बरं, असं ती म्हणाली होती.

विसाव्या मिनिटाला भाचेसून थोडी पुढे वाकली. सगळ्यांच्या आधी तिलाच दिसलं. मांसावर पांढरे, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे किडे वळवळत होते. दोन-चार नव्हे, चांगले तीस-चाळीस.

गोदामातून एक हुंकार गेला. वहिनी मटकन खाली बसली.

तेवढ्यात मागून एक किडकिडीत गृहस्थ उठले. हायस्कूलचे शास्त्राचे मास्तर. ते म्हणाले की किडे म्हणजे माशीच्या अळ्या, आणि माशी कुठूनतरी अंडी घालून गेली असणार. बाबा चिडले नाहीत. उलट त्यांना आनंदच झाला. त्यांनी मास्तरांना पुढे बोलावलं, हातात भिंग दिलं आणि विचारलं, अंडं फुटायला किती वेळ लागतो? मास्तरांनी खरं ते सांगितलं, आठ-दहा तास तरी. मग इथे तर अर्धा तासही झाला नाही, बाबा म्हणाले, आणि काचेत माशी कुठे आहे तेही दाखवा. एक अंडं, अंड्याचं एक टरफल शोधा, मी आजच्या आज गाशा गुंडाळतो. मास्तरांनी घाम पुसत दहा मिनिटं ते मांस उलटंपालटं केलं. टरफल नव्हतं. प्रामाणिक माणूस, त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की नाही सापडत. चारशे लोक हसले. खोट्याला खऱ्या माणसाची सही मिळाली ती अशी.

मी हसले नाही. अंडं का सापडत नाही ते मला माहीत होतं.

माझा धंदाच तो. जनावरांच्या दवाखान्याला जोडलेल्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं माश्यांची पोटं उघडते आहे. गोठ्यात कुठल्या माश्या वाढल्या, त्यांतल्या किती वितील, कधी वितील, हे मादीचं पोट बघून सांगायचं. आमच्या वस्तीतली पोरं मला 'माशीआत्या' म्हणतात. घरातली माणसं जेवताना माझ्या हातांकडे संशयानं बघतात, कितीही साबण लावला तरी.

सगळ्या माश्या अंडी घालत नाहीत. घरात फिरते ती घालते. पण मांसावर बसणारी एक मोठी करडी माशी असते, पाठीवर काळे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके. ती अंडी पोटातच उबवते. तिला मांसाचा वास आला की ती जिवंत अळ्या टाकते, मिनिटाभरात, एकापाठोपाठ एक. टरफल मागे राहतं ते तिच्या पोटात. मास्तर मांसावर शोधत होते.

गर्दी पुढे सरकली त्या धांदलीत मी ताटाजवळ गेले आणि दोन अळ्या रुमालात घेतल्या. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची शेपटाकडची बाजू बघितली. अळी तिथून श्वास घेते. या माशीच्या अळीची ती छिद्रं खोल खळग्यात असतात. खळगा होता. शंकेला जागा उरली नाही.

उरला प्रश्न एवढाच, की बंद काचेत माशी शिरली कुठून? आणि त्याहून मोठा, की या माशीबद्दल त्या बाबाला सांगितलं कुणी? बाजारात दहा जणांना विचारा, माशी पिल्लं घालते हे दहातल्या एकालाही ठाऊक नसतं. शास्त्राच्या मास्तरांनासुद्धा नव्हतं.

मी स्टुलावर बसून राहिले. माझ्यासमोर दुसरं स्टूल होतं. गेल्या हिवाळ्यात दादा त्यावर येऊन बसायचा.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा त्यानं शाळा सोडून काचेच्या दुकानात हात कापून घेतले आणि मला शिकू दिलं. मला सायकलवर पुढे बसवून कॉलेजला सोडायचा. माझ्या लग्नात आईच्या जागी तोच रडला. पण माझ्या नोकरीबद्दल त्यानं कधी अवाक्षर विचारलं नव्हतं. आणि गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो अचानक आला, म्हणाला, बघू तरी तू दिवसभर काय करतेस.

मला काय झालं ते सांगता येत नाही. एकतीस वर्षांत घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं. मी त्याला सगळं दाखवलं. घरमाशीची मादी अंडी घालायला दुर्बिणीसारखी लांब होणारी नळी बाहेर कशी काढते. बीजकोश दोन कसे असतात. त्यांच्यामागे तीन बारीक काळे मणी असतात, त्यांत नराचं बीज साठवलेलं असतं. एकदा नर भेटला की पुढे तिला नराची गरज उरत नाही. आणि मग माझी लाडकी, ती करडी माशी. तिच्या पोटातली पिशवी सुईनं उघडून दाखवली. दोन कप्प्यांची, तट्ट भरलेली, आत अळ्या ओळीनं झोपवल्यासारख्या. दादा भिंगातून बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, भरलेल्या पोटाची कुठली ते बाहेरून कसं ओळखायचं? ती किती दिवस अशी धरून ठेवते? थंडीत काय करते? मी हौसेनं सांगितलं, की शीतकपाटात ठेवली तर गपगार पडून राहते, ऊब मिळाली की उठते, आणि अडवलेली असली, मधे जाळी असली तरी जाळीतून अळ्या खाली टाकते. तो पाच-सहा वेळा आला. शेवटच्या वेळी माझ्या सूक्ष्मदर्शकासाठी काचेचं झाकण करून घेऊन आला. मी ते सगळ्यांना दाखवलं. माझ्या दादानं केलंय, असं मी प्रत्येकाला सांगत होते.

आता त्याच झाकणाकडे बघताना मला गोदामातली काच आठवली. कड तशीच घासलेली, आतल्या बाजूनं तिरपी. आमच्या गावात अशी कड दुसरा कोणी काढत नाही.

भाचेसून तोवर माहेरी पोचली होती. निवाड्याच्या संध्याकाळीच तिला नेऊन सोडलं. मी गेले तेव्हा ती आईकडच्या खाटेवर बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. मला म्हणाली की आत्या, मी नीट बघितलं होतं, आधी काही नव्हतं. तिला मी माशीची गोष्ट सांगितली. तिनं ती शांतपणे ऐकली, आणि मग एक वेगळीच गोष्ट मला सांगितली. दोन वर्षांपूर्वी नवराबायको दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या. अहवाल आणायला मामंजी गेले होते. दोघांचंही ठीक आहे, वाट बघा, एवढंच त्यांनी घरी येऊन सांगितलं. अहवाल कुणी पाहिला नाही. मामंजींवर कोण अविश्वास दाखवणार? सासूशी तिचं जमत नसे, पण मामंजींनी तिला लेकीसारखं वागवलं होतं. कारखान्यात रात्रपाळी असली की डबा तेच पोचवत.

तिथून मी सरळ दादाच्या दुकानात गेले. तो काच कापत होता. मी समोर उभी राहिले तरी त्यानं रेघ पुरी केली, काच टेबलाच्या कडेवर ठेवून मोडली, आणि मगच वर बघितलं.

"मूठ पोकळ आहे ना?" मी विचारलं.

त्यानं हातमोजे काढले.

"माश्या तू भरतोस?"

"तूच शिकवलंस," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. वस्तुस्थिती सांगावी तसं त्यानं सांगितलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मग तो बोलत गेला. मूठ आतून कोरलेली, तळाला बारीक जाळी. सकाळी शीतकपाटातल्या चार-पाच माश्या त्यात ठेवायच्या. वरच्या दिव्याची ऊब लागली की त्या जाग्या होतात, खालून मांसाचा वास येतो, पुढचं काम त्या करतात. भुणभुण ऐकू येऊ नये म्हणून संगीत. दोन काचा. एका मुठीत माश्या, दुसरी रिकामी.

"मग कुणाला कुठली काच, ते कोण ठरवतं?" मी विचारलं.

"आदल्या दिवशी घरचं कोणीतरी येऊन भेटतं. ज्यांना सून नको असते ते तसं सांगतात. नको नसते ते काही सांगत नाहीत."

"आपल्या घरातून कोण भेटलं?"

त्यानं हातमोजे कडेला ठेवले. मग म्हणाला, "दोष पोराचा आहे. अहवालात तसं लिहिलं होतं. तो मी फाडून टाकला. मग मी काय करायला हवं होतं? माझ्या मुलाला लोकांनी हसायचं? आता ती गेली, तो मोकळा झाला. नाव कुणाचंच खराब झालं नाही."

"तिचं?"

"ती परक्या घरची," माझा भाऊ म्हणाला.

मीही एका परक्या घरात सून होऊन गेले होते. त्याच माणसानं मला निरोप देताना माझ्या सासऱ्यांचे हात धरले होते, हिला सांभाळा म्हणून. मी त्याला सांगितलं, की शनिवारी पुढचा निवाडा आहे, तोवर तू स्वतः मुलाला आणि सुनेला खरं सांग. नाहीतर मी सांगेन, आणि चारचौघांत सांगेन. तो म्हणाला, तू असं करणार नाहीस, मी तुला ओळखतो. मी त्याला ओळखते, असं मलाही काही दिवसांपूर्वीपर्यंत वाटत होतं.

मास्तरांना शोधायला वेळ लागला नाही. त्या दिवसापासून शाळेतली पोरं त्यांना 'टरफल' म्हणत होती. मी त्यांना करडी माशी दाखवली तेव्हा ते म्हणाले, हे मला माहीत असायला हवं होतं. मी म्हटलं, आता माहीत झालं. त्यांच्या शाळेत सूक्ष्मदर्शकातलं चित्र पडद्यावर टाकायचं यंत्र होतं. ते आम्ही उसनं घेतलं.

शनिवारपर्यंत दादाकडून निरोप आला नाही. मी भाच्याला आणि भाचेसुनेला, दोघांना वेगवेगळं सांगून गोदामात बोलावलं. काय आहे ते तिथेच बघा, एवढंच म्हटलं. ती येईल असं वाटलं नव्हतं. आली, आणि मागे भिंतीशी उभी राहिली.

नितळबाबांचं आव्हान जाहीर होतं. अंड्यावाचून किडे काढून दाखवणाऱ्यानं पुढे यावं, असं ते दर आठवड्याला कर्ण्यावरून सांगत. मास्तर उठले तेव्हा लोक आधीच हसायला लागले. बाबांनी उदारपणे हात पसरून त्यांना बोलावलं. मीही उठले. दादाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, पण तो जागचा हलला नाही.

आम्ही फार काही केलं नाही. काचेची साधी बरणी, तळाशी त्यांच्याच ताटातलं मांस, तोंडावर जाळी, जाळीवर उपडी वाटी, वाटीखाली माझ्या चार माश्या. वरती त्यांचाच दिवा. मी लोकांना घड्याळं बघायला सांगितलं. अकराव्या मिनिटाला पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, पडला की. मग दुसरा पडला, मग तिसरा. कर्ण्यावरचं संगीत कुणीतरी बंद केलं होतं, आणि वाटीखालची भुणभुण आता सगळ्यांना ऐकू येत होती.

"या बरणीला कुणाचाही हात लागलेला नाही," मास्तर म्हणाले. "मग ही कीड कुणाच्या कुशीतली?"

मास्तरांनी उसनं आणलेलं यंत्र आणि पडदा मांडला, आणि मी पाचवी माशी घेतली. तिला आधीच बेशुद्ध केलं होतं. चिमटा आणि सुई घेऊन मी ते केलं जे मी रोज करते. पडद्यावर माशीचं पोट भिंतीएवढं दिसत होतं. लोक पुढे सरकले. मी सांगत गेले, हे बीजकोश, हे नराचं बीज साठवणारे तीन मणी, ही पिशवी. पिशवीला सुईचं टोक लावलं आणि ती उघडली. पडद्यावर अळ्या बाहेर सरकल्या, जिवंत, एकामागून एक, आणि त्यांच्याबरोबर पातळ, चुरगळलेली टरफलं.

"तुम्ही विचारत होता ना बाबा, टरफल कुठे आहे?" मी म्हटलं. "हे इथे आहे. माशीच्या पोटात."

नितळबाबांनी लगेच सूर बदलला. माशीची लीला वेगळी आणि काचेची लीला वेगळी, ते म्हणाले. तुमच्या बरणीत जाळी आहे, आमची काच तर बंद आहे, निर्मळ आहे, वारासुद्धा आत जात नाही. मी म्हटलं, मूठ उघडा. ते म्हणाले, ती उघडत नाही, अखंड आहे.

तेव्हा माझा भाचा पुढे आला. काचवाल्याचा मुलगा, लहानपणापासून त्याच दुकानात वाढलेला. त्यानं झाकण उचललं, मुठीवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबला. त्याच्या हाताला आपल्या घरचे आटे कळले असावेत. पलीकडून दादा म्हणाला, "हात लावू नकोस त्याला."

हळूच म्हणाला, पण गोदामात इतकी शांतता होती की सगळ्यांनी ऐकलं. भाच्यानं बापाकडे बघितलं. मग मूठ उलटी फिरवली. ती डबीसारखी उघडली. आतून एक करडी माशी चालत त्याच्या बोटावर आली, पंख झाडले आणि दिव्याकडे उडाली. तिच्यामागे दुसरी.

मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल. तो झाला, पण नंतर. त्याआधी मी लोकांना एक गोष्ट सांगितली. मुठी दोन आहेत, एक भरलेली, एक रिकामी. आणि कुणाला कुठली, ते आदल्या दिवशी घरचंच माणूस येऊन सांगून जातं. ज्या ज्या बाईच्या मांसावर किडे निघाले, तिनं घरी जाऊन एवढंच विचारावं, की आदल्या दिवशी इथे कोण आलं होतं.

विचारायला कुणी घरी जायची वाट बघितली नाही. त्या गोदामात जागोजागी बायका वळल्या आणि आपापल्या माणसांकडे बघू लागल्या. एक सासूकडे, एक नवऱ्याकडे. एक तर स्वतःच्या सख्ख्या आईकडे. ज्यांच्याकडे बघितलं गेलं त्यांनी माना खाली घातल्या. एकतीस वर्षांत भिंगाखाली मी खूप काही पाहिलं आहे, पण इतकं स्पष्ट कधी पाहिलं नाही.

भिंतीशी उभी असलेली भाचेसून दादाकडे बघत होती. तिला विचारावं लागलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. पोलीस आले, गोदामाला कुलूप लागलं, नितळबाबांवर खटला चालू आहे. ते जामिनावर सुटले असून दुसऱ्या शहरात पाण्यावरून भविष्य सांगतात असं ऐकते. तिथेही मुठीत काहीतरी असणारच. त्या शहरातल्या लोकांनी ती उघडून बघावी.

भाचा दवाखान्यात गेला आणि त्यानं आपल्या अहवालाची दुसरी प्रत स्वतः आणली. मग बायकोला न्यायला गेला. मी तेव्हा तिथे होते. तो रडला, म्हणाला, मला यातलं काही माहीत नव्हतं, मलाही फसवलं. ते खरं होतं. ती त्याला पाणी देऊन म्हणाली, "सहा वर्षं मी तुझ्याबरोबर राहिले. आणि तू अर्ध्या तासात एका ताटावर विश्वास ठेवलास."

ती गेली नाही. कारखान्यात तिला बढती मिळाली आहे, वेगळी खोली घेऊन राहते. मूल हवं की नको, कुणाबरोबर हवं, हे ती ठरवेल. आम्ही कुणी विचारत नाही.

दादा माझ्याशी बोलत नाही. बहिणीनं घर उघड्यावर आणलं, असं तो दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. मला त्याचा राग येतो, पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त छळतं. ज्या पाच-सहा संध्याकाळी मला वाटलं की माझ्या भावाला माझं काम कळतंय, मी त्याला कळतेय, त्या संध्याकाळी तो मोजमापं घेत होता. त्या आठवणींचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

लोक मला म्हणतात, माशीआत्या, तुम्ही त्याला सांगितलं नसतं तर हे झालंच नसतं. मी यावर पुष्कळ विचार केला. चूक सांगण्यात नव्हती. चूक ही होती, की हे फक्त त्याला माहीत होतं आणि समोरच्या चारशे लोकांना नव्हतं. ज्ञान एकाच्याच मुठीत राहिलं की त्याची जादू होते. चारशे जणांत वाटून टाकलं की त्याचं पुन्हा साधं ज्ञान होतं. म्हणून आता मी शाळाशाळांतून जाते, मास्तर यंत्र घेऊन बरोबर येतात, आणि पोरींना आणि पोरांना आम्ही माशीचं पोट उघडून दाखवतो. नाकं मुरडतात, मग भिंगाला डोळा लावतात, मग उठायला तयार नसतात.

तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी ते झाकण उचलून बघा. ते उचलू देत नसतील तर तिथून उठा. मूल होत नसेल तर नवराबायको दोघांनी डॉक्टरकडे जा, आणि कागद स्वतःच्या हातात घ्या. दुसरा कुणी, मग तो कितीही मायेचा असो, वाचून सांगेल म्हणून थांबू नका. आणि कुठे, कुणी, एखाद्या बाईच्या पोटाचा न्याय करायला बसला असेल, तर त्याला पहिला प्रश्न विचारा, की काल तुम्हाला येऊन कोण भेटलं?